डोक्यावरून विमान जातं तेव्हा आपण नक्की काय ऐकतो?

गॅलरीतली_कुंडी | १० जानेवारी

घाटकोपर पश्चिमेला राहते, पाचवा मजला. लग्न होऊन इथे आले त्याला १९ वर्षं झाली. खाडीकडून येणारी विमानं आमच्या गच्चीवरून कुर्ल्याकडे उतरतात. पहिले पंधरा दिवस डोळ्याला डोळा लागला नाही, मग सवय कधी झाली ते कळलंही नाही. फोनवर बोलताना विमान आलं की वाक्य अर्ध्यात सोडायचं आणि ते गेलं की उरलेलं बोलायचं. माहेरी गेले तरी अशी मध्येच थांबते. आई विचारते, "काय गं, काय झालं?"

२८ जून २०१८ ला जुहूहून चाचणीसाठी उडालेलं छोटं किंग एअर विमान सर्वोदय नगरात बांधकामाच्या जागेवर कोसळलं. विमानातले चार आणि रस्त्याने चाललेला एक, असे पाच जीव गेले. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यानंतर काही महिने प्रत्येक विमानाला मान वर व्हायची. पुढे तेही विरलं.

आणि मग १२ जून २०२५. अहमदाबादचं विमान मेघाणीनगरात वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ लोक गेले. त्या १९ जणांपैकी कुणी तिकीट काढलं नव्हतं, कुणी कुठे निघालेलं नव्हतं. माझ्या सासूबाईंच्या मनात हे १९ जणच बसले आहेत.

आमच्या शोकेसमध्ये काचेचे बाऊल आहेत. विमान आलं की ते एकमेकांना लागून किणकिणतात. वर्षानुवर्षं किणकिणत आलेत, कुणाचं लक्षही जात नव्हतं. जूननंतर सासूबाईंनी प्रत्येक दोन बाऊलच्या मध्ये वर्तमानपत्राची घडी घातली. किणकिण बंद झाली. तरी विमान आलं की त्या शोकेसकडेच बघतात. गॅलरीला लागून असलेल्या खोलीत झोपायच्या, आता पलंग हॉलमध्ये आणलाय.

सोसायटीने तक्रार केली. एक गृहस्थ मीटर घेऊन आले, दोन तास गॅलरीत उभे राहिले आणि म्हणाले, "मागच्या मोजणीपेक्षा वाढ नाही. थोडा कमीच आहे." ते खोटं बोलत नव्हते, आकडा मी स्वतः बघितला. मग माझ्या घरात आवाज वाढला कुठून? कुणाला असा अनुभव आहे का?

मिठी_काठचा | १० जानेवारी

ताई, मी जरीमरीचा. आमच्याकडे विमान "वरून" जात नाही, अंगावरूनच जातं म्हणा. पत्र्याचं छप्पर आहे, त्याचा आवाज वेगळा. पण खरं सांगतो, लहानपणापासून भीती अशी कधी वाटली नाही. मोठा भाऊ विमानतळावर लोडर आहे. आईच्या लेखी विमान म्हणजे भावाची शिफ्ट. रात्री धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद असली आणि विमानं आली नाहीत की तीच उठून बसते, "आज काय झालं?" म्हणून.

अहमदाबादनंतर तिच्यात एकच फरक पडला. त्या वसतिगृहाच्या मेसचा फोटो तिने पाहिला, टेबलावर वाढलेली ताटं तशीच होती. तेव्हापासून जेवताना विमान आलं तर ती घास हातात धरून थांबते. गेलं की खाते. बोलत काही नाही. आम्हीही विचारत नाही.

आवाजमोज | ११ जानेवारी

धागाकर्तीचा प्रश्न अगदी नेमका आहे. मी पर्यावरण सल्लागार म्हणून काम करतो, ध्वनिमापन हाच धंदा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मीटर हवेतला दाब मोजतो. माणसाला त्याचा त्रास किती होतो हा वेगळा हिशोब आहे आणि त्यावर साठ वर्षांहून जास्त काळ काम चाललंय. लंडनच्या हीथ्रोभोवती १९६१ मध्ये मोठी पाहणी झाली होती. विमान कोसळेल अशी भीती ज्यांना वाटते त्यांना त्याच आवाजाचा जाच जास्त होतो, हे तेव्हापासून दिसत आलंय. १९९९ मध्ये मिडेमा आणि व्होस या दोन डच संशोधकांनी अनेक जुन्या पाहण्यांची मूळ माहिती एकत्र करून पुन्हा तपासली. एकेका प्रश्नामागे १५ हजारांपासून ४२ हजारांपर्यंत माणसांची उत्तरं होती. स्त्री-पुरुष असा फरक निघालाच नाही. शिक्षण, घर स्वतःचं की भाड्याचं, यांचा फरक एक-दोन डेसिबलइतका. वयाचा पाच. मुळात ज्याला आवाज सोसत नाही त्याचा अकरा. आणि भीतीचा? जास्तीत जास्त एकोणीस.

म्हणजे न घाबरणाऱ्या माणसाला जितका जाच व्हायला आवाज १९ डेसिबलने वाढवावा लागेल, तितका जाच घाबरलेल्या माणसाला आहे त्याच आवाजात होऊ शकतो. डेसिबलमध्ये १९ म्हणजे ध्वनीची ऊर्जा जवळजवळ ऐंशी पट. तेव्हा तुमच्या घरातला आवाज कुठून वाढला, तर इथून वाढला. मीटर चुकला नाही आणि तुमच्या सासूबाईही चुकल्या नाहीत.

मिठी_काठचा, तुमच्या आईचं उदाहरणही त्या अभ्यासात आहे. ज्याचं पोट विमानतळावर चालतं त्याला जाच थोडा कमी वाटतो. पण तो फरक तीनच डेसिबलचा निघाला. तीन विरुद्ध एकोणीस.

फनेलवासी | ११ जानेवारी

आवाजमोज यांच्या माहितीबद्दल आदर आहे, पण मला या चर्चेची दिशा धोक्याची वाटते. मी विलेपार्ले पूर्व, फनेल झोन, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालचा पट्टा. उद्या कुठल्या बैठकीत आपणच म्हटलं की "आमचा त्रास भीतीमुळे वाढतो", तर समोरचा माणूस काय उत्तर देणार हे मला आत्ता ऐकू येतंय. "बघा, तुमच्या मनाचेच खेळ आहेत. योगा करा." झालं! आवाज कमी करायची जबाबदारी संपली.

आणि आवाज खरंच आहे हो. २०१८ च्या अधिसूचनेत वर्दळीच्या विमानतळांच्या परिसरासाठी मर्यादा दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल ठेवली आहे. एरवी निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५. जागतिक आरोग्य संघटना त्याच वर्षी विमानांसाठी सरासरी ४५ आणि रात्री ४० च्या खाली ठेवा म्हणते. या आकड्यांत केवढी दरी आहे ते बघा, आणि मग आमच्या मनाबद्दल बोला.

दुसरं म्हणजे आमची भीती फक्त विमानाची नाही. इमारत पन्नास वर्षं जुनी आहे. उंचीच्या बंधनामुळे वरचे मजले वाढत नाहीत, म्हणून बिल्डर येत नाही, म्हणून पुनर्विकास अडकलेला. मोठं विमान गेलं की छताकडे बघायचं, गिलावा पडतो का. गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात ओट्यावर पडला, कणकेच्या परातीत. तो विमानाने पडला की ओलीने, मला सांगता येणार नाही. पण बायकोने विमान ऐकलं आणि गिलावा पाहिला. तिच्या कानात आता त्या दोन गोष्टी एकच आहेत.

गॅलरीतली_कुंडी | ११ जानेवारी

फनेलवासी, परातीचं वाचून अंगावर काटा आला. तुमची शंका मला पटते. मीटरवाले गृहस्थ जाताना मला नेमकं हेच म्हणाले होते, "मॅडम, हे डोक्यातून काढून टाका." आम्ही तक्रार आवाजाची केली होती आणि सल्ला मिळाला डोक्याचा.

पण म्हणून भीती लपवायची का? मी तक्रारीचा अर्ज लिहिला तेव्हा "निद्रानाश", "मुलांचा अभ्यास", "रक्तदाब" सगळं लिहिलं. "भीती वाटते" हे दोन शब्द लिहिले आणि खोडले. लाज वाटली. घाटकोपरसारख्या ठिकाणी राहून विमानाला घाबरते म्हणायचं, लोक काय म्हणतील. आता वाटतं, खरं कारण तेच होतं आणि तेच मी कागदावरून काढलं.

हँगरकाका | १२ जानेवारी

मी निवृत्त विमान देखभाल अभियंता, कलिन्याच्या वसाहतीत आयुष्य गेलं. एक काम माझ्याने होण्यासारखं आहे, ते म्हणजे तुम्ही काय ऐकता ते सांगणं. भीतीचा मोठा भाग "हा कसला आवाज?" यातच असतो असं मी शेजाऱ्यांच्या बाबतीत पाहिलंय.

पहिलं, उंची. उतरणारं विमान तीन अंशांच्या उतारावरून येतं. दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर खाली. धावपट्टीच्या टोकापासून ३ किलोमीटरवर ते १७० मीटरच्या आसपास असणार, आणि तिथेच असायला हवं. मोठं बोइंग ७७७ आलं की ते जास्त खाली आणि हळू वाटतं, कारण आपला डोळा आकारावरून अंतर ठरवतो.

दुसरं, इंजिन मध्येच गुरगुरतं, मध्येच गप्प होतं. घाटकोपरकरांना हे रोज ऐकू येत असणार. वारा हलला की वेग राखण्यासाठी यंत्रणा जोर कमी-जास्त करते, आपण उतारावर गाडी चालवताना पाय कमी-जास्त दाबतो तसं. इंजिन बिघडलेलं नसतं.

तिसरं, एक बारीक कर्कश शीळ. ही खाडीपलीकडे वाशीच्या बाजूला जास्त ऐकू येते, चाकं बाहेर यायच्या आधी. जुन्या एअरबस ए३२० च्या पंखाखाली इंधनटाकीचा दाब सोडणारी गोल भोकं असतात. त्यांवरून हवा गेली की बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखं वाजतं. पुढे त्या भोकांसमोर एक छोटा तुकडा बसवायला लागले आणि शीळ गेली.

चौथं, उड्डाणानंतर जुहूच्या बाजूला आवाज एकदम पडतो. साधारण हजार-दीड हजार फुटांवर वैमानिक जोर मुद्दाम कमी करतात. अहमदाबादनंतर मला या एका आवाजासाठी किती फोन आले सांगू! "काका, इंजिन बंद पडलं का?"

पाचवं आणि सगळ्यात घाबरवणारं: विमान अगदी खाली येतं आणि एकदम गर्जना करून पुन्हा वर जातं. याला गो-अराउंड म्हणतात. आधीचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नसेल, वारा बिघडला असेल, तर वैमानिक उतरायचं सोडून वर जातो. ऐकायला भयंकर, पण ती शंका आली तेव्हा घेतलेली योग्य काळजी असते.

"अपघात होणारच नाही" असं मी कुणालाही सांगत नाही. १२ ऑक्टोबर १९७६ ला आपल्याच सांताक्रूझला इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल विमान पडलं, ९५ माणसं गेली. मी तेव्हा नवा होतो. त्या दिवसानंतर मीही कित्येक रात्री प्रत्येक इंजिन कान देऊन ऐकायचो.

ट्युलिपगाव | १३ जानेवारी

मी नेदरलँड्समध्ये ॲम्स्टलवीनला राहते, ॲम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाशेजारी. इथे मराठी माणसं बरीच आहेत. बहुतेकांना इथल्या जुन्या लोकांच्या भीतीचं मूळ माहीत नसतं, मलाही नव्हतं.

४ ऑक्टोबर १९९२, रविवारची संध्याकाळ. स्किपोलहून उडालेल्या एल आल या इस्रायली कंपनीच्या मालवाहू जंबोची उजव्या पंखाची दोन्ही इंजिनं निखळली. परत उतरायच्या प्रयत्नात ते ॲम्स्टरडॅमच्या बाइल्मर भागातल्या दोन मोठ्या इमारतींवर कोसळलं. ४३ जण गेले, त्यातले ३९ आपापल्या घरात होते. सुरीनाम आणि घानाहून आलेल्या लोकांची ती वस्ती. तिथे एक झाड आहे, "सगळं पाहिलेलं झाड" म्हणतात त्याला. दर वर्षी ४ ऑक्टोबरला लोक जमतात.

माझी घरमालकीण तेव्हा तिथून जवळच राहायची. विमान जरा वेगळ्या कोनात दिसलं तरी हातातलं काम थांबवते. तिला एकदा विचारलं, इतक्या वर्षांनीही? ती म्हणाली, विमान पडलं यापेक्षा नंतर आमच्याशी जे वागले त्याने भीती घट्ट झाली. विमानात काय माल होता हे वर्षानुवर्षं नीट सांगितलं नाही. लोक आजारपणाच्या तक्रारी घेऊन यायचे, त्यांना मनाचं दुखणं म्हणून परत पाठवायचे. सहा वर्षांनी एका वर्तमानपत्राने त्या मालात सारीन हा विषारी वायू बनवायला लागणाऱ्या रसायनांपैकी एक होतं हे छापलं, मग संसदेने चौकशी लावली.

फनेलवासी म्हणतात ती "मनाचे खेळ" वाली भीती इथे खरी झाली होती. पण त्यावर उपाय भीतीबद्दल गप्प बसणं हा नव्हता. ती बाई तीस वर्षं बोलते आहे.

द्राक्षबाग | १४ जानेवारी

निफाड तालुका. ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस. सगळा गाव टीव्हीसमोर. दुपारी आधी आवाज आला आणि मग जमीन हलल्यासारखी वाटली. शिरसगावच्या शिवारात सुखोई पडलं होतं. दोन्ही वैमानिक बाहेर उडी घेऊन वाचले, शेतात कुणी नव्हतं.

ओझरच्या विमान कारखान्यामुळे लढाऊ विमानं आम्ही लहानपणापासून बघतो. शाळेत असताना आवाज आला की मैदानात धावायचो. आता माझा मुलगा आवाज आला की घरात धावतो. विमान तेच, ओझर तेच. आमच्या वडिलांचं मात्र काहीच बदललं नाही, बागेत छाटणी करताना वरही बघत नाहीत. म्हणतात, पडायचं तर वीजही पडते.

लोहगावची_लेक | १४ जानेवारी

माझे बाबा हवाई दलात होते, आम्ही लोहगावला. सुखोई उडालं की भिंत थरथरायची आणि बाबा चहाचा कप धरून घड्याळात बघायचे, "वेळेवर." आम्हाला तो आवाज घरचा. नंतर धानोरीला फ्लॅट घेतला, तिथे शेजारच्या काकू तोच आवाज आला की बाळाचे कान दाबून रडकुंडीला यायच्या. मी तेव्हा मनातल्या मनात त्यांना नाजूक म्हणायचे. आज इथलं वाचून वाईट वाटतंय. मला आवाजामागे बाबा दिसत होते, त्यांना कोण दिसणार होतं?

आवाजमोज | १५ जानेवारी

लोहगावची_लेक, तुम्ही लिहिलंत त्यावर स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात प्रत्यक्ष प्रयोग झालाय. हवाई दलाच्या तळाजवळच्या काही रहिवाशांना हवाई दलाविषयीचं एक पुस्तक भेट पाठवलं, काहींना नाही. नंतर वेगळ्याच निमित्ताने आवाजाबद्दल विचारलं. पुस्तक मिळालेल्यांची तक्रार कमी निघाली. आवाज दोघांनाही सारखाच होता.

पण हा प्रयोग वाचून मला दर वेळी अस्वस्थ वाटतं. हेच तंत्र जाहिरातीसारखंही वापरता येतं. लोकांना पुस्तकं वाटा आणि रात्रीची विमानं वाढवा. म्हणून फनेलवासींचा मुद्दा मी मागे घेऊ देणार नाही. आणि काही वेळा भीतीला पुरावाही असतो. जर्मनीत फ्रँकफर्टला २०११ मध्ये नवी धावपट्टी झाली, तिच्या मार्गाखालच्या फ्लोर्सहाइम गावात उतरणाऱ्या विमानांमागच्या हवेच्या भोवऱ्यांनी घरांची कौलं उडाली. शेवटी कौलं क्लिपांनी पक्की बसवून देण्याची योजना काढावी लागली. छत हललं म्हणणाऱ्याला "भास झाला" सांगण्याआधी छतावर चढून बघावं, एवढं मी माझ्या धंद्यातल्या लोकांना सांगतो.

उलवेकर | १६ जानेवारी

आमच्याकडे तर सगळंच ताजं आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला पहिली विमानं उडाली. आमची मूळ घरं गेली, दहा गावं उठली, ते वेगळं दुःख. पण आवाजाची भीती विमानाआधीच आली होती. उलव्याची टेकडी फोडायला सुरुंग लावायचे. भोंगा वाजायचा, मग धडाम, मग भांडी खाली. माझी आजी भोंगा वाजला की उंबऱ्यात येऊन उभी राहायची, घर पडलं तर बाहेर पळता यावं म्हणून.

परवा पहिलं मोठं विमान गेलं तेव्हा ती पुन्हा उंबऱ्यात जाऊन उभी होती. तिला मी काय समजावू? तिच्या दृष्टीने आकाशातून आणि डोंगरातून येणारा आवाज एकाच कामाचा आहे. विमानाचे रस्ते कसे ठरले, रात्री किती येणार, हे गावात कुणी येऊन सांगितलेलं नाही. आम्हाला ते व्हॉट्सॲपवरून कळतं, आणि व्हॉट्सॲपवर काय काय येतं ते तुम्हाला माहीत आहे.

फनेलवासी | १६ जानेवारी

उलवेकर, तुमच्याकडे अजून वेळ आहे. ग्रामसभेत ठराव घ्या की मार्ग आणि वेळा लेखी द्या, आणि गो-अराउंड काय असतं हे सांगायला माणूस पाठवा. हँगरकाकांसारखा, जो "काही होणार नाही" म्हणत नाही.

आणि कुंडीताई, मी माझं म्हणणं थोडं बदलतो. अर्जात भीती लिहा. पण आकड्यांच्या नंतर नाही, आधी लिहा. आणि त्याच्या जोडीला छताचा फोटो लावा. मी लावणार आहे.

गॅलरीतली_कुंडी | २४ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसरा अर्ज दिला. खोडलेले दोन शब्द या वेळी पहिल्या ओळीत आहेत. उत्तर अजून नाही.

हँगरकाका, तुमचा प्रतिसाद मोठ्या अक्षरात छापून सासूबाईंना दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि उशाखाली ठेवला. मला वाटलं, विषय संपला. काल संध्याकाळी मी भाजी निवडत होते. एक विमान आलं, नेहमीसारखं उतरत होतं, आणि अचानक सगळं घर भरून जाईल इतका आवाज करत वर चढलं. माझ्या हातातली मेथी खाली पडली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. चेहरा पांढरा होता, हात चौकटीला घट्ट धरलेला. म्हणाल्या, "खाली जागा नसेल. म्हणून वर गेलं."

दहा-पंधरा मिनिटांनी त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. तेच विमान परत येतंय का बघत होत्या. एक आलं. तेच होतं की दुसरं, आम्हा दोघींना कळलं नाही, पण ते खाली गेलं.

पलंग अजून हॉलमध्येच आहे. रात्री शोकेस पुसताना मी बाऊलमधल्या घड्या काढायला लागले, तर म्हणाल्या, "राहू दे गं त्या."